तुम्ही विचारलंत म्हणून: स्पितीला न्यायच्या आधी गाडीत काय काय करून घ्यायचं?

मे महिना लागला की हिमाचलातल्या उंचावरच्या स्पिती खोऱ्यात मोटरसायकल नेणाऱ्यांचा हा प्रश्न येतोच. “ताई, एक्सपल्स घेऊन स्पितीला निघालोय. उंचीसाठी गाडी ट्यून करायचीय. ईसीयू रिमॅप करू? फ्री-फ्लो सायलेन्सर लावू?” (ईसीयू म्हणजे पेट्रोलचा हिशेब ठेवणारा गाडीतला कॉम्प्युटर, रिमॅप म्हणजे त्याचा प्रोग्राम बदलणं, आणि फ्री-फ्लो म्हणजे धूर कमी अडवणारा सायलेन्सर.) कुणाकडे हिमालयन असते, कुणाकडे काकांनी जपलेली जुनी इम्पल्स, मग त्यात “जेट बदलू का?” याची भर पडते (जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल मापून सोडणारा बारीक भोकाचा सुटा भाग). विचारायचं सगळ्यांना एकच असतं: वर गेल्यावर गाडीची जी ताकद जाते ती परत कशी आणायची?

ती परत येत नाही. टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नसलेलं इंजिन आजूबाजूला जेवढी हवा आहे तेवढीच आत ओढू शकतं. मनालीकडून स्पितीत शिरताना लागणारी कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या थोडी वर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के असते, म्हणजे एक्सपल्सच्या अठराएक हॉर्सपॉवरमधले हातात राहतात अकरा-साडेअकरा. आपल्या महाबळेश्वरलाही दहा-बारा टक्के ताकद गेलेलीच असते, पण रस्ता गुळगुळीत असल्यामुळे आपण एक गिअर खाली टाकतो आणि विसरून जातो. महाराष्ट्रात याची रंगीत तालीम करायची सोयच नाही, कारण कळसूबाई १,६४६ मीटरवर संपते आणि स्पितीतलं मुख्य गाव काझा ३,६५० च्या आसपास सुरू होतं.

त्यामुळे ट्यूनिंगचा माझ्या लेखी अर्थ एवढाच: उरलेल्या अकरा हॉर्सपॉवरवर दगडधोंड्यांचा चढ क्लच न जाळता चढता आला पाहिजे.

इंजेक्शनच्या गाडीचं इंधनापुरतं बोलायचं तर फार करायचं नसतंच. हवेचा दाब आणि तापमान सेन्सर मोजतात आणि ईसीयू पेट्रोल तेवढंच कमी सोडतो. गाडी वर अशक्त वाटते, पण धूर सोडत नाही आणि मिसिंगही करत नाही. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून घ्या, एअर फिल्टर नवा टाका आणि रिमॅपचे पैसे खिशात ठेवा.

कार्बोरेटरची, म्हणजे सेन्सरशिवाय हवेच्या ओढीवर पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या गाडीची, गोष्ट वेगळी. त्याला हवा पातळ झाल्याचं पुरतं कळत नाही, तो जवळजवळ सवयीप्रमाणे पेट्रोल सोडत राहतो. मिश्रण रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), गाडी गुदमरते, स्लो स्पीडला बंद पडते, प्लग काळा कुळकुळीत होतो. यावरचं पुस्तकी उत्तर म्हणजे मेन जेट एक-दोन नंबर लहान करायचा आणि नीडलची (जेटमधल्या सुईची) क्लिप एक खाच वर सरकवायची, म्हणजे नीडल खाली बसते आणि पेट्रोल कमी होतं. उत्तर बरोबर आहे, पण ते वर राहणाऱ्या गाडीसाठी. तुम्ही चार-पाच दिवस वर असणार आणि नंतर त्याच जेटवर मंडी-चंदीगडच्या उन्हात फुल थ्रॉटल पळवणार. तिथे हवा पुन्हा दाट, पेट्रोल मात्र कमी. इंजिन लीन चालून तापतं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसायची वेळ येते. टू-स्ट्रोकवाल्यांनी तर हे वाक्य टाकीवर लिहून ठेवावं. लहान जेट लावायचाच असेल तर मूळ जेट सोबत ठेवा, आणि खाली उतरताना तो रस्त्याच्या कडेला बसून बदलायची तयारी असू द्या. ती नसेल तर जेटला हात लावू नका.

मी स्वतः जेट बदलत नाही. काझ्याला पोहोचल्यावर स्लो स्पीडचा स्क्रू थोडा आवळते, मिश्रणाचा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा फिरवते, आणि अर्धा थ्रॉटल चालवून प्लग काढून बघते. तपकिरीच्या जवळ असला तर पुरे. हा स्क्रू कुठल्या जातीचा आहे ते मात्र निघायच्या आधी मेकॅनिककडून समजून घ्या. एअर स्क्रू बाहेर काढला की मिश्रण लीन होतं आणि फ्युएल स्क्रू बाहेर काढला की रिच. दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ आणि वागायला सख्खे वैरी. सकाळी चोकही हात राखून. पुण्याच्या सवयीने पूर्ण ओढून सेल्फ मारत बसलात की प्लग ओला होतो, आणि तिथल्या थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली असते. एक जादा प्लग आणि प्लगपाना सीटखाली असू द्या.

खरा फरक पडतो तो स्प्रॉकेटने, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राने. नवल म्हणजे त्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण त्याचा आवाज येत नाही. पुढच्या स्प्रॉकेटला १३ दाते असतील तर १२ चं लावा, गिअरिंग आठेक टक्क्यांनी आखूड होतं, म्हणजे ओढ वाढते आणि वेग घटतो. मागचं ४० चं ४३ केलं तरी हिशेब जवळपास तोच. पुढचं स्वस्त पडतं आणि तासाभरात बदलून होतं, पण चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मवरची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरची) रबरी पट्टी लवकर खाते. मागचं मोठं केलं तर चेनला एखाद-दोन कड्या जास्त लागू शकतात, म्हणून ते काम घरीच उरकावं. आठ टक्के ऐकायला काहीच नाही. पण मनालीहून काझ्याला जाताना छत्रूच्या पुढे गोट्यांच्या रस्त्यावर पहिला गिअर सलग ओढतो की दर वीस फुटांवर अर्धा क्लच धरून रेस द्यावी लागते, हे त्या आठ टक्क्यांवर ठरतं. क्लच प्लेट जळल्याचा वास एकदा यायला लागला की पुढचा सगळा प्रवास त्या वासाच्या तालावर होतो. हायवेवर टॉप स्पीड कमी होईल, ते होऊ द्या.

टायरच्या हवेचं गणितही कुणी सांगत नाही. चंदीगडला २५ पीएसआय भरून निघालात आणि कुंझुमला गेज लावलात, तर निव्वळ बाहेरचा दाब घटल्यामुळे पाच-सहा पीएसआय जास्त दिसायला हवेत. थंडी त्यातले निम्म्याहून अधिक खाऊन टाकते. मग दुपारच्या उन्हात टायर तापतो आणि गाडी दगडांवर चेंडूसारखी उडायला लागते. चालवणाऱ्याला वाटतं सस्पेन्शन बिघडलं. कच्च्यावर उतरायच्या आधी हवा काढायची. ट्यूब टायरला मी पुढे १८ आणि मागे २० ठेवते. त्याहून खाली जायचं असेल तर आधी रिम लॉक बसवून घ्या, नाहीतर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. पायपंपऐवजी बॅटरीवर चालणारा छोटा पंप न्या. चार हजार मीटरवर पायपंप मारणं ही वेगळी साहसी स्पर्धा आहे.

हाच बाहेरच्या दाबाचा खेळ पुढच्या फोर्कमध्येही (पुढच्या चाकाच्या शॉकअपमध्ये) चालतो. आत अडकलेली हवा वर गेल्यावर जास्त जोर लावते आणि फोर्क कडक वाटतो. तुमच्या फोर्कला हवा सोडायचे ब्लीड स्क्रू असतील तर पुढचं चाक जमिनीवरून उचलून ते एकदा सैल करून पुन्हा आवळा. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) मात्र सामान लादून आणि स्वतः वर बसूनच सेट करायचा. एकूण ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश गाडी बसली पाहिजे. रिकामी गाडी स्टँडवर लावून केलेलं सेटिंग पहिल्याच नाल्यात खोटं ठरतं.

आता वजन. एक्सपल्स दीडशे किलोच्या वर भरते. काझ्याजवळच्या कोमिक गावाकडच्या कच्च्या फाट्यावर, साडेचार हजार मीटरवर, ती आडवी झाली तर एकट्याने उभी करायला जमते, पण नंतर पाच मिनिटं बोलता येत नाही. त्यात लोखंडी कॅरिअर, दोन पत्र्याच्या पेट्या आणि पाच लिटरचा कॅन असेल तर विचारूच नका. काझ्याला पेट्रोल पंप आहे, तेव्हा कॅन लागतो तो मनाली-काझा टप्प्यापुरता. सामान काझ्यात खोलीवर टाकून फाट्यांवर मोकळी गाडी न्या. हॅंडगार्ड, इंजिनाखालची बॅश प्लेट, एक क्लच लिव्हर आणि जुन्याला टेपने बांधून नेलेली नवी क्लच केबल, एवढं लोखंड मात्र हक्काचं. आणि फाटा म्हणजे जीपच्या चाकोऱ्या असलेला फाटा. गावकऱ्यांची गुरं चरतात त्या कुरणात टायर घालू नका. तिथे गवत उगवायला किती वेळ लागतो ते गावात विचारून बघा.

“महागडं हाय-ऑक्टेन पेट्रोल भरू का?” हा उपप्रश्न ठरलेला. गरज नाही. वर सिलिंडरमधला दाबच कमी असतो, त्यामुळे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोकठोक) कमी होतं आणि ऑक्टेनची गरज उलट घटते. एअर फिल्टरचा स्नॉर्कल (हवा आत घेणारी नळी) काढून टाकू, म्हणजे हवा जास्त जाईल, असंही एखादा सुचवतो. पहिल्या मोठ्या नाल्यात त्या वाटेने हवेऐवजी पाणी जाईल. नाल्यांना दुपारनंतर वरच्या बर्फाचं पाणी येतं, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे. स्नॉर्कल जागेवर असला तरी.

राहिला सायलेन्सर. फ्री-फ्लो लावून खाली फार तर एखादा हॉर्सपॉवर वाढेल, आणि कुंझुमवर त्याचाही तिसरा हिस्सा हवेत जाईल. त्या पैशांत स्प्रॉकेट, चेन, दोन ट्यूब, रिम लॉक, पंप आणि क्लच प्लेटचा सेट येतो. क्लच प्लेट वापरल्या गेल्या नाहीत तर पुढच्या सर्व्हिसला बसवून टाका.