समासातल्या नोंदी

जुलै, शेवटचा रविवार

सलग पाच दिवसांच्या झडीनंतर आज सकाळी उघडीप मिळाली, म्हणून डोंगर, रान आणि भटकंतीच्या पुस्तकांचे कपाट रिकामे केले. पावसाळ्यात हे काम लांबणीवर टाकले की काय होते, ते मी दोन वर्षांपूर्वी पाहिले आहे. तेव्हा एका पुस्तकाच्या पुठ्ठ्यात कसर शिरली होती आणि तिने बांधणीची खळ खाऊन पुढची सोळा पाने सुटी केली होती. तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तक उभे धरून पाने हलकेच फडफडवते, कोरड्या मलमलीने पुसते आणि खणाच्या कोपऱ्यांत वेखंडाचे तुकडे ठेवते. आज मोजली तेव्हा एकशे बारा पुस्तके भरली.

यांतले पहिले पुस्तक म्हणजे बेडन-पॉवेल यांनी १९०८ साली लिहिलेल्या स्काउटिंगच्या पुस्तकाची एक जीर्ण आवृत्ती. कॉलेजात असताना ती मला रद्दीच्या दुकानात वजनावर मिळाली होती. त्यानंतरची कित्येक वर्षे रानात निभाव कसा लावावा, हे सांगणारे जे पुस्तक हाती लागेल ते मी घेत गेले. त्यामुळे बर्फात निवारा कसा खोदावा आणि वाळवंटात दव कसे गोळा करावे, हे मला तोंडपाठ झाले. पण ज्या डोंगरांत मी दर महिन्याला जात होते, तिथे आषाढातल्या धुक्यात पायवाट हरवली आणि अंगावरचे सगळे कपडे भिजलेले असले तर काय करावे, याचे उत्तर त्या ढिगात सापडत नव्हते. पुस्तके चुकीची नव्हती. ती दुसऱ्या आकाशाखाली, दुसऱ्या पावसात लिहिलेली होती, आणि हे ध्यानात यायला मला फार उशीर लागला.

आकाशाचे म्हणते ते शब्दशः खरे आहे. जवळजवळ प्रत्येक इंग्रजी पुस्तकात घड्याळाची युक्ती दिलेली असते: तासकाटा सूर्याकडे धरावा, तो काटा आणि बाराचा आकडा यांच्यामधला कोन दुभागावा, म्हणजे दक्षिण मिळते. मे महिन्याच्या अखेरीस राजगडाच्या पद्मावती माचीवर सकाळी दहा वाजता मी हा प्रयोग होकायंत्र शेजारी ठेवून केला, तेव्हा त्या युक्तीने दाखवलेली दक्षिण प्रत्यक्षात जवळजवळ पूर्व निघाली. कारण साधे आहे. युरोपात माध्यान्हीचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो, पण आपण कर्कवृत्ताच्या अलीकडे राहतो, त्यामुळे पुण्याच्या आसपास मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो डोक्यावरून थोडा उत्तरेकडे कललेला असतो. ध्रुवताऱ्याचीही तीच गत आहे. एखाद्या ठिकाणाचे अक्षांश जितके, तितक्याच अंशांवर तो क्षितिजापासून दिसतो, आणि हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. म्हणजे लंडनला तो पाच मुठी वर असतो, तर आपल्याकडे जेमतेम दोन मुठी. दरीत किंवा कड्याखाली मुक्काम असला की तो डोंगराआड जातो आणि रात्रभर दिसतच नाही. या दोन्ही गोष्टी मी त्या त्या पानाच्या समासात पेन्सिलीने, ठिकाण आणि तारीख घालून लिहिल्या आहेत. नवे पुस्तक घेण्यापेक्षा जुन्या पुस्तकात अशी एक नोंद वाढली की मला संग्रह खऱ्या अर्थाने वाढल्यासारखा वाटतो.

काही नोंदी मात्र समासात मावणाऱ्या नाहीत. माझ्याकडच्या एका जुन्या पुस्तकात सर्पदंशावर जखमेला चिरा द्यावा, तोंडाने विष ओढून काढावे आणि वर करकचून दोरी आवळावी, असे लिहिले आहे. त्या पानावर मी लाल शाईतली चिठ्ठी चिकटवली आहे. कापायचे नाही, चोखायचे नाही, आवळायचे नाही. अंगठ्या आणि बांगड्या काढायच्या, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचे नाही आणि वेळ न दवडता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यायचे. त्याखाली नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार नावे आहेत, आणि मण्यारीचा दंश दुखत नाही किंवा सुजत नाही म्हणून तो किरकोळ समजू नये, हे वाक्य दोनदा अधोरेखित केले आहे. हे पुस्तक टाकून का देत नाहीस, असे मला मैत्रिणींनी विचारले आहे. पण त्यातली माग ओळखण्याची प्रकरणे उत्तम आहेत, आणि चिठ्ठीशिवाय ते माझ्या घरातून कुणाच्याही हाती जाणार नाही.

गाठींचे पुस्तक अ‍ॅशले यांचे आहे. अकरा वर्षे खपून त्यांनी १९४४ साली ते प्रसिद्ध केले आणि त्यात सुमारे ३,९०० नोंदींना क्रमांक देऊन ठेवले. खिडकीच्या गजाला सुती दोरी बांधून मी त्यांतल्या जेमतेम चाळीस गाठी शिकले, आणि डोंगरात लागतात त्या सहा-सात. एकदा मुळशीकडच्या एका आजोबांनी बैलाच्या गळ्यात दावे बांधताना घातलेली गाठ मी निरखून पाहिली. जनावराने कितीही हिसका दिला तरी फास आवळत नव्हता, आणि सोडताना मात्र ती दोन बोटांनी सुटली. घरी येऊन पाने चाळली तर ती गिर्यारोहकांची बोलाईनच होती. आजोबांनी तिला नाव दिलेले नव्हते. सुरगाठ मारली तर जनावर गुदमरेल आणि निरगाठ मारली तर आग लागल्यावर सोडवता येणार नाही, एवढेच त्यांनी सांगितले. तेही मी त्या पानावर लिहिले.

मराठीत रानाविषयीचे लेखन श्रीमंत आहे. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ उघडला की एकेका पाखराची किती नावे लोकांच्या तोंडी आहेत ते कळते, आणि आनंद पाळंदे यांचे ‘डोंगरयात्रा’ माझ्या सॅकमधून इतके हिंडले आहे की त्याला खाकी वेष्टण घालावे लागले. पण ओल्या रानात चूल कशी पेटवावी, वणव्याच्या दिवसांत ती मुळीच का पेटवू नये, गडावरच्या टाक्यातले कोणते पाणी प्यावे, ही हाताने करायची विद्या मराठीत सलग लिहिलेली फार थोडी सापडते. ती वाड्यावस्त्यांवर, माणसांच्या हातांत आहे.

गेल्या जूनमध्ये कर्जतच्या बाजारात एका ठाकर मावशींकडे शेवळांच्या, म्हणजे पहिल्या पावसात उगवणाऱ्या रानभाजीच्या, जुड्या होत्या आणि शेजारी हिरव्या काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा, वाटा होता. मी नुसत्या जुड्या उचलल्या, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. “ताई, काकडं घ्या बरोबर. न्हाईतर घसा खवखवंल.” रानातल्या खाण्यायोग्य वनस्पतींवरची चार इंग्रजी पुस्तके माझ्या कपाटात आहेत आणि त्यांपैकी एकातही शेवळ नाही, मग काकडाची आंबट फळे कुठून असणार? त्या संध्याकाळी मी शंभर पानांची एक पुठ्ठ्याची वही आणली.

दुपारी पुन्हा आभाळ भरून आले, तसा मी खण लावून घेतला. वही सलीम अलींच्या पक्ष्यांच्या पुस्तकाशेजारी ठेवली आहे. तिच्यातली एकोणीस पाने भरली आहेत. शेवळांच्या पानावर अर्धी जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे, कारण एका जुडीला काकडे किती घ्यायची आणि ती ठेचून घालायची की उकडून त्यांचे पाणी काढायचे, हे मी त्या दिवशी विचारायचे विसरले. पुढच्या वर्षी पहिला पाऊस पडला की कर्जतला जायचे आहे.