अकरा मिनिटं

मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेदहा. जळगावात तेव्हा अंगणात पाय ठेववत नाही. वरच्या खोलीत पडदे ओढून, कूलर बंद करून (चालू ठेवला तर विद्यार्थ्यांना माझ्यापेक्षा त्याचंच जास्त ऐकू जातं) मी ऑनलाइन एमबीएचा तास घेत होते. विषय नेतृत्व. त्यातही त्या दिवशीचा भाग होता हाताखालच्या माणसांवर काम कसं सोपवावं. एकोणिसाव्या स्लाइडवर एक प्रश्न विचारला आणि लाईन गेली.

पंखा इन्व्हर्टरवर होता, राऊटर नव्हता. मोबाईलचं हॉटस्पॉट लावून, पासवर्ड दोनदा चुकवून आत शिरेपर्यंत ११ मिनिटं गेली. आत ३४ काळे चौकोन, सोडून गेले होते तसेच. "सॉरी हं, लाईन गेली होती," म्हटलं आणि विसावी स्लाइड उघडली.

रात्री रेकॉर्डिंग बघितलं, ते आपलं चालूच राहिलं होतं. आधी कुणीतरी म्हणालं, "मॅम, आवाज येत नाहीये." मग धुळ्याचा एकजण, माईक बंद आहे असं समजून, घरात कुणाला तरी म्हणाला, "मॅडम कोठे ग्यात भो?" दोघं हसले. कुणाच्या तरी घरी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. त्यानंतर शेवटपर्यंत काही नाही. यात बँकेची शाखा चालवणारी बाई होती, भुसावळला रेल्वेत पंधरा वर्षं माणसं सांभाळणारे गृहस्थ होते, पुण्यात आयटीत टीम असलेला एक होता. प्रश्न विचारलेला होता. पण त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

मला राग त्यांचा आला नाही, माझाच आला. कारण मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन मी दर सत्रात शिकवते. १९३०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत, आयोवा विद्यापीठात, त्याने लिपिट आणि व्हाइट या दोघांबरोबर दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळं चालवली. मुलं मुखवटे वगैरे बनवायची. कुठे मोठा माणूस हुकूम सोडायचा, कुठे मुलांना विचारून ठरवायचा, कुठे नुसताच बसून राहायचा. परीक्षेला या तीन शैलींचा तक्ता येतो आणि विद्यार्थी तो बिनचूक लिहितात. मला आवडतो तो भाग तक्त्यात नसतो. मोठ्या माणसाला मधूनच मुद्दाम खोलीबाहेर पाठवायचे. हुकूमवाला बाहेर गेला की मुलांचं काम ढेपाळायचं. विचारून करणारा गेला तर मुलांना फारसा फरक पडायचा नाही.

मी वर्गावर कधी ओरडत नाही. पण एका तासाला ५२ स्लाइड, प्रश्न माझा, चार सेकंद वाट बघायची, उत्तरही माझंच. ही गोड आवाजातली हुकूमशाहीच झाली की! महाविद्यालयातल्या वर्गात निदान बाकांमधून फिरता येतं, कुणाच्या वहीत डोकावता येतं. इथे मी म्हणजे नुसता आवाज. तो गेला की वर्गच गेला.

यावर आमच्या समन्वयकांचा उपाय ठरलेला आहे: कॅमेरे सक्तीचे करा. मी ते करत नाही. एक नर्स ड्यूटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीतून तास ऐकते. एकाच्या घरी खोलीच एक आहे. तिथे कॅमेरा लावून काय दिसणार आहे मला?

पुढच्या बॅचला मी तासातून मुद्दाम उठून जायला लागले. पाच-पाच जणांचे गट, एक अडचणीचा प्रसंग, १५ मिनिटं, आणि मी नाही. पहिला महिना वाईट गेला. एक गट पूर्णवेळ आयपीएलवर बोलला. एकाने मेल केला: "मॅम, फी आम्ही तुमचं ऐकायला भरली आहे." कर्ज काढून शिकणाऱ्या माणसाला मी कोणत्या तोंडाने चूक म्हणू? आणि चूक माझीच होती. काय करून आणायचं, कुठपर्यंतचा निर्णय त्यांचा, हे न सांगताच मी उठून जात होते. सोपवलं काहीच नव्हतं.

त्या बॅचमध्ये सावद्याचा एक केळी-व्यापारी होता. तो एकदा म्हणाला, "मॅडम, मी बागेत पोचलो की काम मंदावतं." मला ते बघायचंच होतं, म्हणून एका सकाळी गेले.

सहाला टोळी बागेत. मुकादम साठीचा, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. घडापाशी थांबायचा, एका केळ्याच्या कडांवरून अंगठा फिरवायचा. कडा टोचल्या तर पुढे. बोथट झाल्या असतील पण केळं पुरतं गोल झालं नसेल, तर मान हलवायची, की कोयता पडलाच. दिल्लीकडे जाणारा माल पाऊणच भरलेला कापावा लागतो, नाहीतर वाटेतच पिकायला लागतो. एक नवं पोरगं होतं. आठ-दहा घडांपर्यंत मुकादमाने त्याचा अंगठा स्वतःच्या हातात धरून फिरवला, मग त्याला शेजारच्या ओळीत एकटं सोडलं. पोराने एक घड कोवळा कापला. मुकादमाने तो उचलून बाजूला ठेवला, बोलला काही नाही. पुढच्या घडावर पोराने अंगठा दोनदा फिरवला.

मग मालक, म्हणजे माझा विद्यार्थी, बांधावर येऊन उभा राहिला. तेच पोरगं त्याच्याकडे बघून विचारायला लागलं, "शेठ, हा कापू का?"

माणूस जसा तयार होईल तसा नेत्याने हात सैल करावा, हे हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलं. मी त्याची चार चौकोनांची आकृती काढते. आता ती काढताना मला तो अंगठा दिसतो.

परतताना फैजपूर लागलं. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं. पुढच्या तासाला तोच प्रसंग दिला: या अधिवेशनाचं नेतृत्व कुणी केलं? प्रत्येक गटाने एकच नाव आणायचं, कारणासकट, आणि बोलणारा कोण हे आधी ठरवायचं. मी खाली जाऊन चहा टाकला. रेकॉर्डिंगमध्ये पुण्याचा एकजण म्हणतो, नेहरू, अध्यक्ष तेच होते. एकीने धनाजी नाना चौधरी सांगितले, अधिवेशन खानदेशात उभं केलं ते त्यांनी. तिसऱ्याला नंदलाल बोस हवेत, कारण बांबूचं सारं नगर सजवलं त्यांनी. सावद्याचा गप्प होता. शेवटी म्हणाला, "बांबू ज्यांनी आणले, त्यांना काय सांगून पाठवलं होतं ते बघा ना आधी." त्यावर जी जुंपली, ती १५ मिनिटांत आटपली नाही.

सत्र संपल्यावर विद्यार्थ्यांचे अभिप्राय आले. एक होता: "मॅडम वारंवार वर्गातून गायब होतात." समन्वयकांनी खुलासा मागवला आहे. तो अजून लिहिलेला नाही. मध्ये वायरमन येऊन राऊटर इन्व्हर्टरवर घेऊन गेला, त्यामुळे लाईन गेली होती असंही आता सांगता येत नाही.