तुम्ही विचारलंत म्हणून : दिवसाला किती कॅलरी?

वजन उतरवायचे तर दिवसाला किती कॅलरी खाव्यात, हा प्रश्न मला गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात, लग्नकार्यात, नात्यागोत्यातही सतत विचारला जातो, कारण मी जेवणाची नोंद ठेवते आणि माझे उतरलेले वजन टिकून आहे. विचारणाऱ्यांना बहुधा हजार-बाराशे असा एखादा आकडा हवा असतो. माझे उत्तर वेगळे आहे : ज्या आकड्यांवर वजन हळूहळू उतरते, त्यांतला सर्वांत मोठा आकडा निवडावा.

तो शोधायला 1990 साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र उपयोगी पडते. किलोतल्या वजनाची 10 पट आणि सेंटिमीटरमधल्या उंचीची 6.25 पट यांची बेरीज करावी, तीतून वयाची 5 पट वजा करावी, मग स्त्रियांनी आणखी 161 वजा करावेत, पुरुषांनी 5 मिळवावेत. आलेली संख्या म्हणजे स्वस्थ पडून असताना शरीराला लागणाऱ्या कॅलरी. हालचाल बेताची असेल तर तिला 1.375 ने गुणावे. 45 वर्षांची, 158 सेंटिमीटर उंचीची, 72 किलोची स्त्री घेतली तर तिची रोजची गरज साधारण 1820 भरते, आणि तीच 62 किलोवर आली की 1680. दहा किलो उतरूनही फरक पडतो तो जेमतेम 140 कॅलरींचा! म्हणूनच मी आग्रहाने सांगते, की तिने 1500 वर राहावे. वजन हळू उतरेल, पण शेवटी जेवणात थोडीच भर घालायची असल्यामुळे पुढे आयुष्यभर जसे जेवायचे आहे, जवळजवळ तसेच ती आजपासून जेवत असेल. हजारावर उपाशीपोटी काढणाऱ्याला ही सवय लागतच नाही, शिवाय चरबीबरोबर स्नायूही जास्त झिजतात.

मोजण्यातली खरी मेहनत आपल्या स्वयंपाकघरात आहे. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 350 कॅलरी असतात, शिजलेल्या भातात सुमारे 130, कारण उरलेला भार पाण्याचा. ताटातला 150 ग्रॅम भात कच्च्या तांदळाच्या हिशेबाने लिहिला तर 195 च्या जागी 525 कॅलरी दिसतात, आणि एवढ्यावरून माणसे शीतकडी (भात-कालवण) सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. उकड्या तांदळाची पेज तर पाण्यामुळे आणखीच हलकी.

भातापेक्षा नारळाकडे लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. 80 ग्रॅम खवलेल्या नारळात साधारण 280 कॅलरी येतात. हुमणाला, म्हणजे नारळ वाटून केलेल्या माशांच्या कालवणाला, वाटताना खवलेला नारळ वजनकाट्यावर ठेवावा. रिकाम्या पातेल्याचे वजन एकदाच लिहून ठेवावे, म्हणजे शिजलेल्या हुमणाचे एकूण वजन कळते आणि आपल्या वाटीत किती कॅलरी आल्या, हे त्रैराशिकाने निघते. 160 ग्रॅम नारळाचे हुमण चौघांत वाटले, तर नारळाच्या 140 कॅलरी आपल्या वाट्याला. बांगडे तळताना तेलाची बाटली आधी आणि नंतर काट्यावर ठेवावी व तव्यात उरलेले तेल वजा करावे, कारण तेलाच्या प्रत्येक ग्रॅममागे 9 कॅलरी असतात आणि टेबलस्पूनभर तेलात 120. भाजी-पावाच्या वाटीवर तरंगणारा तवंग याच हिशेबात धरावा. काजू मूठभर नव्हे, मोजून घ्यावेत. दुधी, भेंडी, तांबडी भाजी यांचे ग्रॅम मोजत बसण्याची मात्र गरज नाही. त्यांतले तेल आणि खोबरे लिहिले की पुरे.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात सुकी, खारवलेली मासळी वाढते. मिठामुळे शरीरात पाणी साठते आणि दुसऱ्या सकाळी काटा किलोभर वर गेलेला दिसू शकतो. ती चरबी नव्हे. किलोभर चरबीत सुमारे 7700 कॅलरी असतात, आणि इतके कोणी एका जेवणात जादा खात नाही. यासाठी रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढावी आणि तीच पाहावी. चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्या (करंज्या) खाल्ल्या तरी त्या लिहाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी उपास न करता नेहमीसारखे जेवावे.

चार आठवड्यांत सरासरी हलली नाही, तर आकडा 100 ने खाली आणावा किंवा तेवढे जास्त चालावे. उलट, सतत भूक, थकवा, चिडचिड जाणवत असेल, तर 100 ने वर न्यावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, कारण औषधाची मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. गरोदर स्त्रियांनी वजन उतरवण्यासाठी कॅलरी कमी करूच नयेत.