नागीण, गेरू आणि रक्ताची चाचणी

दोस्ताला घेऊन आज कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात गेलो होतो. (त्याला विचारूनच लिहितोय.)

महिनाभर ताप, जिभेवर पांढरा थर, त्यात बरगडीवर नागीण. घरच्यांनी तिच्यावर गेरू फासलेला. 'दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातोय' म्हणून आजी देव पाण्यात घालून बसलेली. तालमीतला गडी, पण आता पट्ट्याला नवं भोक पाडून पँट धरलीय. गल्लीतल्या डॉक्टरनं तीनदा टायफॉईडच्याच गोळ्या दिलेल्या.

गडी रात्रभर मोबाईलवर 'एड्सची लक्षणं' वाचत बसलेला. समुपदेशक ताई म्हणाल्या, "दादा, वजन घटणं, ताप, महिनाभर जुलाब, हे टीबीतही होतं. रक्त तपासल्याशिवाय कुणालाच कळत नाही. आणि एचआयव्ही असलेला माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतो."

हे मला नवीन होतं. मी आपला तब्येत बघून माणूस ओळखणारा शहाणा!

एचआयव्ही म्हणजे लगेच एड्स नव्हे, हेही तिथंच समजलं. रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या सीडी4 पेशी दर घनमिलिमीटरला 200 च्या खाली गेल्या किंवा टीबीसारखे ठरावीक आजार जडले, की एड्स म्हणतात. चाचणी फुकट, एचआयव्हीच्या गोळ्याही सरकारी केंद्रात 2004 पासून फुकट. रोज घेतल्या तर माणूस कामधंदा करत म्हातारा होतो.

रिपोर्ट काय आला ते लिहिणार नाही, तो त्याचा त्याला.

दसरा चौकात चहा घेताना म्हणाला, "भावा, आजीला काय सांगू?"

"आधी तो गेरू धू."