तुमचा कारवान ससा धरतो का?

बाज्या हा माझा कारवान, म्हणजे शिकारी जातीचा कुत्रा. त्याला घेऊन सकाळी माळाकडे निघालो की वाटेत कुणी ना कुणी थांबवतंच. आधी त्याचं लांबट तोंड बघतात, मग आत गेलेलं पोट, आणि विचारतात, "कारवान ना? ससा धरतो का?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो. बाज्या ससा धरत नाही. मी त्याला सशामागे कधी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. पण कारवान सशामागे कसा पळतो, ते मी एकदा डोळ्यांनी बघितलंय.

1986 ची गोष्ट. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. आमचं गाव जत तालुक्यात, सगळं कोरडवाहू. शाळू हुरड्याला आलेला, हरभऱ्याला घाटे धरलेले, तूर वाळायला लागलेली. माझ्या चुलत्यांकडे, नानांकडे, पाखरी नावाची कारवान कुत्री होती. दोन फुटांहून उंच, फिक्या वाळूच्या रंगाची. तिची आई कर्नाटकातल्या मुधोळकडून आणलेली. तिकडे याच कुत्र्यांना मुधोळ म्हणतात. पाखरी जेमतेम दीड वर्षाची होती आणि त्याआधी शिकारीला कधी गेली नव्हती.

तांबडं फुटायच्या आत आम्ही निघालो. हरभऱ्यातून जाताना पानांवरच्या आंबेनं, त्या आंबट ओलाव्यानं, पायाच्या भेगा चुरचुरत होत्या. बांधाला शेंडे कुरतडलेले दिसले, जवळच वाटोळ्या कोरड्या लेंड्या. नाना म्हणाले, "खाली बघून चाल. ससा दिसत न्हाई, त्याचा डोळा दिसतोय."

पिंजऱ्यातला पांढरा ससा वेगळा. माळावरचा ससा बीळ खोदत नाही. गवताच्या बुडाशी अंगापुरती जागा दाबून, कान पाठीला चिकटवून तो दिवसभर बसून असतो. त्याची पिल्लंही उघड्यावर जन्मतात, अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच. माणूस पायाशी आला तरी तो हलत नाही. आम्ही तासभर हिंडलो. शेवटी तरवडाच्या झुडपाखालून, माझ्या पायापासून हातभर अंतरावर, तो उठला. मानेवरचा काळा पट्टा मला स्पष्ट दिसला. नानांनी दोरी सोडली.

पुढचं सगळं एक-दोन मिनिटांत आटोपलं असेल, पण मला ते अजून तुकड्यातुकड्यानं दिसतं. पाखरी पळताना कमानीसारखी वाकायची, तेव्हा चारही पाय पोटाखाली आणि एकही जमिनीवर नाही. पुढच्या क्षणी ती सगळी लांब व्हायची, तेव्हाही चारही पाय हवेत. तिनं अंतर बघता बघता कापलं. तोंड सशाच्या शेपटीला लागणार, एवढ्यात तो काटकोनात वळला. पाखरी आपल्याच वेगानं चार-पाच वाव पुढं गेली, मुरमावर घसरली, वळली, पुन्हा गाठलं. पुन्हा तो वळला. असं तीनदा. नाना कमरेवर हात ठेवून बघत होते. "एकल्या कुत्र्याचं काम न्हाई हे," ते म्हणाले. "एक दमवतंय, दुसरं वळणावर धरतंय."

मग ससा चढाला लागला. त्याचे मागचे पाय लांब, चढावर ते त्याच्या कामी येतात. टेकाडाच्या वरच्या अंगाला तुरीचं रान होतं, त्यात तो शिरला.

कारवान नजरेवर पळतो, वासावर नाही. तुरीत शिरल्यावर पाखरीला काहीच दिसेना. ती थांबली आणि मागच्या दोन पायांवर उभी राहिली. शेंगांच्या वर तिचं नुसतं डोकं आणि लांब मान. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, खाली उतरली, चार पावलं गेली, पुन्हा उभी राहिली. आम्ही पोचलो तेव्हाही ती बघतच होती. ससा केव्हाच पलीकडे निघून गेला असणार.

तिची जीभ खाली लोंबत होती, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. ही कुत्री थोडा वेळ जीव तोडून पळतात, पण अंगात उष्णता साठते, तेव्हा लगेच गार करावं लागतं. नानांनी तिला ओढ्यातल्या डबक्याशी नेलं, मांड्यांना आणि पोटाला पाणी लावलं, मग थोडं थोडं पाजलं. पुढचा पंजा रक्ताळला होता. नानांनी तो मांडीवर घेतला, बोटांच्या बेचक्यांतली कुसळं उपटली आणि गादीत मोडलेला बाभळीचा काटा दुसऱ्या काट्यानं कोरून काढला. ती कण्हली नाही. तिची नजर तुरीकडेच होती.

घरी आजीनं वाटण वाटून ठेवलं होतं. त्या रात्री पिठलं झालं. ससा सुटला याचा मला आनंद झाला होता आणि पाखरीसाठी पोटात तुटतही होतं. ते दोन्ही मी कुणाला बोललो नाही.

आता कायद्याचं, कारण तेही विचारलं जातं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. तेव्हा सशाच्या शिकारीला परवाना लागायचा. नानांकडे तो नव्हता, म्हणजे आमचं ते जाणं चूकच होतं. 1991 च्या दुरुस्तीनं शिकारीवर सरसकट बंदी आली. कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, मागे लागून पळवणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं, हेही त्यात येतं. त्यामुळे 'धरला नाही, नुसता पळवला' असं म्हणून सुटता येत नाही. कुत्र्याचे व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांनी हे लक्षात घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पळणं मात्र कारवानाच्या रक्तात आहे. त्याला साखळीनं अंगणात बांधून ठेवणं मला क्रूर वाटतं. बाज्या रोज काढणी झालेल्या रानात मोकळा पळतो, ऊन चढायच्या आत. आजूबाजूला उभं पीक असलं की पट्टा हातात.

मागच्या हिवाळ्यात असंच पट्ट्यावर नेत असताना बांधाच्या गवतातून ससा उठला. तळहात सोलला जाईल असा हिसका बसला, पण मी पट्टा सोडला नाही. ससा चढावर गेला, क्षणभर कान उभे करून थांबला आणि तुरीत उतरला. बाज्या मागच्या पायांवर उभा राहिला, मान ताणून, पाखरी उभी राहायची तसाच. बराच वेळ मी त्याला बघू दिलं. मग खाली बसून त्याचा पंजा मांडीवर घेतला आणि कुसळं काढू लागलो.