मृत १२८, बंदुका ३

शहाद्याजवळच्या एका महाविद्यालयात मी एम.ए.ला इतिहास शिकवते. साधनांची चिकित्सा हा पेपर माझ्याकडे आहे आणि त्यासाठी मी व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांनी गावकऱ्यांच्या केलेल्या माय लाय हत्याकांडाची कागदपत्रं वर्गात आणते. शिवकाल किंवा पेशवाई म्हटलं की मुलं मत बनवूनच येतात. व्हिएतनामबद्दल त्यांना काहीच ठाऊक नसतं, त्यामुळे समोरचा कागद ती खरोखर वाचतात. शिवाय या हत्याकांडाची लष्करातर्फे चौकशी करणाऱ्या लेफ्टनंट जनरल विल्यम पीअर्स यांच्या अहवालाचे खंड अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. शहाद्यात बसून ते वाचता येतात, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

त्या दिवशी मी मुलांना पुढचं-मागचं काहीच सांगितलं नाही. तीन कागदांचा मजकूर मराठीत उतरवून, झेरॉक्स काढून वाटला. पहिला कागद म्हणजे १६ मार्च १९६८ च्या लष्करी रोजनोंदी. सकाळी ८:४० ला तोफखान्याच्या माऱ्यात शत्रूचे ६९ ठार. मोहीम संपेपर्यंत एकूण १२८ ठार, ३ बंदुका जप्त. दुसरा, मोहिमेचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल बार्कर यांचा २८ मार्चचा अहवाल: मोहीम नीट आखली, नीट पार पडली. तिसरा, ब्रिगेडचे प्रमुख कर्नल हेंडरसन यांचा २४ एप्रिलचा अहवाल. त्यात म्हटलं होतं की तोफांच्या आणि दोन्हीकडच्या गोळीबारात सापडून २० नागरिक चुकून मेले आणि अमेरिकी सैनिकांनी ४५०-५०० लोकांना गोळ्या घातल्या हा शत्रूचा उघड अपप्रचार आहे.

"एवढ्यावरून सांगा, त्या दिवशी काय झालं असेल?" मी विचारलं.

लाईट गेलेली, वर्गात काहिली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग शिंदखेड्याकडचा एक मुलगा, एरवी शेवटच्या बाकावर गप्प बसणारा, कागदावरून मान वर न करता अहिराणीत म्हणाला, "मॅडम, एवढा मानसं मरनात नि बंदुका तीनच कशा?"

सगळ्यांनी पुन्हा पहिला कागद उचलला. मेलेले १२८ जण शत्रूचे सैनिक असते तर हत्यारं कुठे गेली? ते पळाले असते तर हत्यारं घेऊन पळाले म्हणता आलं असतं, पण ते तर मेलेले. हा आकडा त्याच संध्याकाळी वरपर्यंत गेला, विजयाची बातमी म्हणून छापून आला, आणि एवढी साधी वजाबाकी करायला कोणी थांबलं नाही. माझ्या मते थांबायचंच नव्हतं. त्या युद्धात यश मोजायचं माप म्हणजे मृतदेहांची संख्या. ती भरली की वरचेही खूश.

धडगावकडच्या एका मुलीचे वडील गावचे पोलीस पाटील आहेत. पंचनामा कसा होतो हे तिनं लहानपणापासून घरात पाहिलेलं. ती तिसऱ्या कागदावर अडली. "मॅडम, यात जागेवर जाऊन कोणाला विचारलं ते कुठेच नाही. गावातला एकही माणूस नाही. पंच कोण?"

तेव्हा मी पुढचं सांगितलं. चौकशी करणाऱ्या हेंडरसनच्याच ब्रिगेडची ती मोहीम होती. त्या सकाळी तो स्वतः हेलिकॉप्टरमधून गावावर घिरट्या घालत होता. नंतर त्यानं मोहिमेवरून परतणाऱ्या शिपायांच्या घोळक्याला एकत्रच विचारलं, तुम्ही काही गैर पाहिलं का? नाही, साहेब. झाली चौकशी.

"सगळ्यांसमोर विचारल्यावर कोण बोलंल?" ती मुलगी चटकन म्हणाली.

गावाकडून कळवलं गेलं नव्हतं असंही नाही. सोन तिन्ह जिल्ह्याच्या व्हिएतनामी प्रमुखानं एप्रिलमध्येच वर लिहून कळवलं होतं की सोन मी गावाच्या (माय लाय त्याचाच भाग) एका पाड्यात चारशेहून जास्त आणि दुसऱ्यात नव्वदच्या आसपास लोक मारले गेले. ते पत्र अमेरिकी अधिकाऱ्यांपर्यंत पोचलं होतं. तरी अहवालात उरले ते २०. त्या जागी आज जे स्मारक आहे तिथे ५०४ नावं आहेत. त्यांत १८२ बाया, त्यातल्या १७ गरोदर. १७३ मुलं, त्यातली ५६ पाच महिन्यांच्याही आतली. हे आकडे मी फळ्यावर लिहिले. आमच्या नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्या पाच मुलांच्या आठवणीत वाढलेला हा मुलूख आहे. पाच नावं ज्यांना घरच्यासारखी वाटतात, त्यांच्यासमोर ५०४ लिहिताना पुढे काय बोलावं ते मला सुचेना.

एक मुलगा मात्र उठून उभा राहिला. त्याचा थोरला भाऊ सैन्यात आहे, सध्या सीमेवर. आवाज चढला होता. "मॅडम, राग येऊ देऊ नका. पण जवान असे नसतात. तुम्ही हे का वाचायला देता?"

त्याचं दुखणं मला कळत होतं. हा प्रश्न गावोगावच्या ज्या घरांत भिंतीवर वर्दीतला फोटो आहे, तिथून येतो आणि तो धुडकावून लावणं मला कधीच बरोबर वाटलेलं नाही. मी त्याला पुढे बोलावलं, ह्यू थॉम्प्सनची हकिकत त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "तूच वाच, मोठ्यानं."

थॉम्प्सन २४ वर्षांचा वैमानिक. छोट्या टेहळणी हेलिकॉप्टरमधून तो गावावर उडत होता. सोबत २० वर्षांचा ग्लेन अँड्रिओटा आणि १८ वर्षांचा लॉरेन्स कोलबर्न. जखमी दिसले तिथे मदत यावी म्हणून त्यांनी धुराच्या खुणा टाकल्या. परत येऊन बघतात तर ते जखमी मेलेले. एका खंदकाकडे काही गावकरी लपले होते आणि अमेरिकी शिपाई त्यांच्या दिशेनं निघाले होते. थॉम्प्सननं हेलिकॉप्टर मधोमध उतरवलं. आपल्या दोघांना सांगितलं, मी या लोकांना बाहेर काढतो. आपल्या माणसांनी यांच्यावर गोळी झाडली तर तुम्ही त्यांच्यावर झाडा. मग दुसरी हेलिकॉप्टरं बोलावून त्या गावकऱ्यांना तिथून हलवलं. नंतर प्रेतांनी भरलेल्या चरात काहीतरी हललेलं दिसलं. अँड्रिओटा त्यात उतरला आणि रक्तानं माखलेलं एक जिवंत मूल घेऊन वर आला. ते त्यांनी कुआंग न्गायच्या दवाखान्यात पोचवलं. तळावर आल्यावर थॉम्प्सननं वरिष्ठांकडे तक्रार केली आणि त्यानंतर गोळीबार थांबवण्याचा हुकूम सुटला.

चराच्या ओळींपाशी त्या मुलाचा आवाज अडकला. पाणी प्यायला, पुन्हा वाचू लागला.

"हाही जवानच," मी म्हटलं. "आणि रॉन रायडनहॉर, ज्यानं सोबत्यांकडून ऐकलेलं सगळं जुळवून मार्च १९६९ मध्ये खासदारांना आणि अधिकाऱ्यांना पत्रं धाडली, तोही जवानच. त्याच्या पत्रानं खरी चौकशी सुरू झाली."

पीअर्सबद्दल मला मनापासून आदर आहे. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात आपल्या आसामच्या तळावरून चालणाऱ्या ब्रह्मदेशातल्या गुप्त मोहिमांत होता, नंतर व्हिएतनाममध्येही सेनापती होता, म्हणजे सैन्यातलाच. तरी नोव्हेंबर १९६९ मध्ये काम हाती आल्यावर त्यानं बाहेरचे दोन वकील सोबत घेतले, स्वतः त्या गावात गेला आणि सुमारे ४०० साक्षीदार तपासले. बार्कर तोवर हेलिकॉप्टर अपघातात गेला होता. त्यानं केली म्हणतात त्या चौकशीचा कागद शोधूनही मिळाला नाही, आणि इतरही फायली गायब होत्या. त्यात घड्याळ मागे लागलेलं: खून वगळता बऱ्याच लष्करी गुन्ह्यांत आरोप ठेवायला दोन वर्षांची मुदत होती. पीअर्सनं अहवाल दिला १४ मार्च १९७० ला, मुदतीच्या दोन दिवस आधी.

निकाल ऐकून वर्ग खवळला. घटना लपवल्याचे आरोप १४ अधिकाऱ्यांवर ठेवले गेले. त्यांतला एकटा हेंडरसन खटल्याला उभा राहिला आणि सुटला. गावात शिरलेल्या कंपनीचा कॅप्टन मेडिना सुटला. सैन्य सोडून गेलेल्यांवर लष्करी खटला चालवताच येईना. त्याच्या हाताखालच्या एका तुकडीचा प्रमुख, एकट्या लेफ्टनंट कॅलीला २२ खुनांबद्दल जन्मठेप झाली. ती २० वर्षांवर आली, मग १० वर. बहुतेक काळ तो स्वतःच्याच राहत्या जागी नजरकैदेत राहिला आणि १९७४ मध्ये मोकळा झाला. थॉम्प्सन आणि त्याच्या साथीदारांना पदक मिळालं १९९८ मध्ये. अँड्रिओटा हत्याकांडानंतर महिनाही उलटायच्या आत लढाईत मेला होता.

"मग पीअर्सनं एवढं करून काय मिळालं?" पोलीस पाटलांच्या मुलीनं विचारलं. मी तिला म्हटलं, आज हेंडरसनचा कागद खोटा आहे हे तू ठामपणे म्हणू शकतेस, ते त्याच्यामुळे. शिक्षा द्यायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही, याचा मला आजही संताप येतो. पण साक्षी नोंदल्याच गेल्या नसत्या तर २० हाच आकडा इतिहास म्हणून शिकवला गेला असता, आणि कदाचित मीच तो शिकवला असता.

तास केव्हाच संपला होता. मुलांनी फळ्यावर तक्ता मांडला: १६ मार्चच्या रात्रीपर्यंत कोणाला काय माहीत होतं आणि त्यानं ते पुढे कोणाला सांगितलं. तक्ता वाढत गेला, बाजूची भिंतही वापरावी लागली, शिपायाची बोलणी मी खाल्ली. सैनिकाचा भाऊ खडू घेऊन थॉम्प्सनपासून वर जाणारे बाण काढत होता आणि प्रत्येक बाण कुठल्या अधिकाऱ्यापाशी थांबला तिथे त्याचा हुद्दा लिहीत होता. जाताना त्यानं लघुप्रबंधाचा विषय सांगितला: नंदुरबारचा १९४२ चा गोळीबार, सरकारी कागदांतून. मी त्याला म्हटलं, आधी पोलिसांनी वर काय कळवलं ते शोध, मग गावाच्या आठवणी घे, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाच.