हार्वेस्टर १/६०० : पाणबुडी अडकली, मीही अडकलो

हार्वेस्टर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विनाशिकेचं १/६०० मापातलं मॉडेल करतोय. तीन आठवडे त्याचं काही टाकलं नाही, कारण दाखवण्यासारखं काही नव्हतंच. परवा रात्री मात्र यू-४४४ ही जर्मन पाणबुडी एकदाची बसली. हार्वेस्टरच्या पंख्यांखाली (प्रोपेलर), तिरकी, आणि जहाजाचं नाक न बुडवता!

हार्वेस्टर मी हॉटस्पर या तिच्यासारख्याच विनाशिकेच्या किटमधून करतोय, त्याची बाकीची चिरफाड आधी सांगितलीच आहे. ब्राझीलसाठी बांधायला घेतलेल्या आणि १९३९ मध्ये ब्रिटिशांनी उचललेल्या हार्वेस्टरसह सहा जहाजांवर वाय तोफ (सगळ्यात मागची) नव्हती, तिथली जागा डेप्थ चार्जेसना (पाणबुडीवर टाकायची स्फोटकं) दिली होती. ती तोफ उडवल्यावर उरलेलं भोक एम-सीलने बुजवलं. परदेशी पुटीची चौपट किंमत मोजणाऱ्यांनी खुशाल मोजावी. ब्रिजवरचा २७१ रडारचा कंदील (अँटेनाभोवतीचं आवरण) पारदर्शक स्प्रू, म्हणजे किटचे भाग जोडलेली प्लास्टिकची काडी, घासून केलाय. तो दिवा लागल्यासारखा चमकतो, दिवसातून दोनदा तरी बघून येतो.

आता मूळ दुखणं. मार्च १९४३, अटलांटिकमधला एचएक्स २२८ हा मालवाहू जहाजांचा ताफा. हार्वेस्टरने यू-४४४ ला धडक दिली, आणि पाणबुडी जहाजाखालून घासत जाऊन पंख्यांत अडकली. वाचायला एक ओळ, पण तीच मांडायला गेलो तर गणित जमेना. जहाजाचा पाण्याखालचा भाग ३.८ मीटर, म्हणजे आपल्या मापात ६ मिमी. पाणबुडी तळापासून टॉवरपर्यंत (वरचा मनोरा) ९.६ मीटर, म्हणजे १६ मिमी. ती सरळ उभी ठेवली की हार्वेस्टरची मागची बाजू हवेत आणि पुढची पाण्याखाली, सी-सॉ नुसता. दोनदा चिकटवून दोनदा उपटली, दुसऱ्या वेळी रडर गेला. (तो अजून फरशीवरच कुठेतरी आहे. घरात झाडू मारायला बंदी.)

मग साध्या पेन्सिलीवर प्रयोग करताना लक्षात आलं की नडतोय तो फक्त टॉवर. पाणबुडी कुशीवर कलंडवली, मागून खाली दाबली आणि तिचं पुढचं टोक एका बाजूने पाण्याबाहेर काढलं. बसली! ही मांडणी माझी, फोटो बघून केलेली नाही. पण इतक्या वजनाखाली ती ताठ राहिली असेल हे मला पटत नाही.

याची किंमत अशी की रेझिनचं पाणी आता २० मिमी खोल हवं. एवढं रेझिन एकदम ओतलं तर तापून तडकतं, म्हणून ५-५ मिमीचे थर. आणि जुलैमधलं ठाणे! पहिल्या थरावर मेण चढल्यासारखी चिकट साय आली. पुरवठादाराला विचारलं तर 'आमचं रेझिन सर्व हवामानात चालतं' असं उत्तर. कुठल्या ग्रहाच्या, ते सांगितलं नाही. कोमट पाणी आणि भांड्यांच्या घासणीने साय निघाली. दुसरा थर थर्माकोलच्या पेटीत साठचा बल्ब लावून वाळवला. आई डोकावून म्हणाली, "पिल्लं उबवतोयस का?" पण थर काचेसारखा निघाला. अजून दोन बाकी.

खरं तर इथे थांबणार होतो. पण लिहिता लिहिता वाटतंय की गोष्ट अर्धीच राहते. पाणबुडी सुटली, तिला ॲकोनिट या फ्री फ्रेंच कॉर्व्हेटने (ताफ्याच्या रक्षणाची छोटी युद्धनौका) संपवलं. हार्वेस्टर पंखा फिरवणाऱ्या एकाच शाफ्टवर रखडत राहिली, ११ मार्चच्या सकाळी तोही गेला. समुद्रात नुसती उभी असताना यू-४३२ या दुसऱ्या जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारले. तिचे कमांडर टेट गेले. ताफ्यातल्या बुडालेल्या विल्यम सी. गोर्गास या मालवाहू जहाजाचे वाचवलेले खलाशीही तिच्यावर होते, त्यांच्यातले बहुतेक पुन्हा पाण्यात गेले ते परतलेच नाहीत. ॲकोनिट मागे फिरली आणि तिने यू-४३२ लाही वर काढून बुडवलं. एका दिवसात दोन.

तेव्हा रात्रीच्या धडकेशेजारी दुसरा छोटा बेस : सकाळ, बंद पडलेली हार्वेस्टर, क्षितिजावर ॲकोनिट. म्हणजे दुसरं हॉटस्पर किट शोधणं आलं. पण ॲकोनिट हवीच, ती किटशिवाय, स्क्रॅचमधून करतो. १०४ मिमी लांबी येते, हल कापायला रविवारी घेतो. फनेल (धुराडं) मात्र अडलंय. पेनची रिफिल बारीक पडते, स्ट्रॉ जाड. मधलं काही कुणी वापरलंय का?